चिमट्याचा हात

भिंगरी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. कागदावरचं नाव ओळखपत्रावर आहे, शोधनिबंधांवर आहे, आणि तिथेच ते सुखाने नांदतंय. दीड वर्षाची असताना ती घरभर अशी धावायची की मावशी वैतागून म्हणाली, "हिच्या पायाला भिंगरी बांधलीये का कुणी?" झालं! चिकटलं ते चिकटलं. आता ती एक्केचाळीस वर्षांची आहे, केसांत पांढरे डोकावतायत, पण बसल्या जागी पाय हलतोच. फोन आला की बोलता बोलता सगळा मजला पालथा घालते. दात घासतानासुद्धा फिरते, आणि मागून नवरा फरशीवरचे फेसाचे थेंब पुसत येतो.

बरं, अशा बाईने काम कुठलं निवडावं? तर जिथे जरा धक्का लागला की सगळं मुसळ केरात, असं. ती क्वांटम संगणकाच्या प्रयोगशाळेत संशोधक आहे. या संगणकाचा सगळ्यात लहान घटक म्हणजे क्युबिट. आपल्या टेबलावरच्या संगणकातला घटक एक तर हो म्हणतो, नाही तर नाही. क्युबिट दोन्ही एकदम धरून बसू शकतो, पण फार वेळ नाही. जरा ऊब लागली, कुठे काही थरथरलं, की विसरला! एका सेकंदाचे दहा हजार तुकडे करा, त्यातला एक तुकडाभर टिकला तरी लोक पाठ थोपटतात. दीड तुकडा टिकला तर मग बघायलाच नको.

तो टिकावा म्हणून त्याची चिप फ्रीजमध्ये टांगतात. दूध-भाजीचा फ्रीज नव्हे हो. छताला लोंबणारं, माणसाहून उंच पांढरं पिंप, आत सोनेरी तबकड्या आणि शेकडो तारा, आणि तळाशी अशी थंडी की बाहेरचं मोकळं अवकाशही त्यापुढे उबदार म्हणावं. त्या खोलीत जड पावलांनी चालायचं नाही, अशी पाटी दारावर आहे. पाटी कुणासाठी लावली आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

गंमत म्हणजे, चिप बसवावी ती भिंगरीनेच. करंगळीच्या नखाएवढी ती चिप चिमट्याने उचलायची, मायक्रोस्कोपखाली तांब्याच्या चौकटीत बसवायची, आणि केसाहून बारीक तारांनी जोडायची. दुसऱ्या कुणाचा हात थरथरतो. हिचा? डाव्या हातात चिमटा आला की ही बाई गपगार. पाय थांबतो, श्वास मंदावतो, तासभर हूं की चूं नाही. "दिवसातनं तासभर तरी हिला चिमटा द्या रे," असं शेजारच्या गटातले म्हणत.

हे काम आधी काका करायचे. काका म्हणजे प्रयोगशाळेचे जुने तंत्रज्ञ, तीस वर्षं त्या यंत्रांशी भांडलेले. पाच वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि जाताना एक पान लिहून भिंतीला चिकटवून गेले. 'चिपच्या कडेला बारीक अक्षरं आहेत. ती चिमट्याच्या हाताकडे यायला हवीत. घाई करू नये. शिंकू नये.' त्या पानाला प्रयोगशाळेत कायद्याइतका मान होता. भिंगरीने पाच वर्षांत ते एकदाही मोडलं नाही.

आता तिचं संशोधन. चिपच्या पृष्ठभागावर जो अदृश्य गंज चढतो तो काढायला तिने एक रसायन शोधलं. चिप त्यात बुडवायची, धुवायची, सुकवायची. या प्रकाराला सगळे आंघोळ म्हणत. आंघोळीचा खरंच फायदा होतो का, हे कसं कळणार? तर भिंगरीने चिपचे दोन अर्धे अगदी एकसारखे आखले, जुळ्या बहिणींसारखे. एका अर्ध्यावर लेप लावून तो झाकायचा, दुसऱ्याला आंघोळ घालायची, मग लेप काढायचा आणि दोघांची शर्यत लावायची. डावी तार एका अर्ध्याला, उजवी दुसऱ्याला. कोण जास्त टिकतो बघा. नुसत्या डोळ्यांनी काय किंवा मायक्रोस्कोपखाली काय, दोन्ही अर्धे सारखेच दिसायचे. तुलना इतकी निखळ की सर, म्हणजे गटाचे प्रमुख, पाहुण्यांना अभिमानाने दाखवायचे.

अठरा प्रकारच्या आंघोळी तिने पाच वर्षांत करून बघितल्या. सतरा फेकल्या. काहींनी काही फरक पडेना, काहींनी तर क्युबिट पार झोपवले. अठरावी मात्र लागू पडली. आंघोळ घातलेला अर्धा दीड तुकडा टिकला, कोरडा जेमतेम एक. एकदा नाही, तीन वेगवेगळ्या चिपवर! निबंध लिहिला, तो स्वीकारला गेला, शुक्रवारी छापून येणार होता. आणि पुढच्या बुधवारी समिती बसणार होती. भिंगरी अकरा वर्षं दोन-दोन वर्षांच्या करारावर काम करत होती. दर वेळी तीच सही, तीच धाकधूक. या निबंधावर कायमची नेमणूक होणार हे सरांनी स्वतः सांगितलं होतं.

या सगळ्यात एक खडा होता. निबंधाची प्रत छापण्याआधीच सगळीकडे फिरते, तशी या धंद्यात पद्धतच आहे. ती वाचून दुसऱ्या एका प्रयोगशाळेतल्या बाईने तीन महिन्यांपूर्वी पत्र पाठवलं. 'मॅडम, तुमची आंघोळ आम्ही घालून बघितली. आमचे आंघोळ घातलेले क्युबिट उलट लवकर मरतात. चूक आमचीच असणार. काही सुचवाल का?' सगळे हसले. "त्यांना साधी आंघोळ घालता येत नाही!" सर म्हणाले. भिंगरीही हसली, खोटं कशाला सांगा. पाणी बदला, तापमान बघा, असं काहीबाही कळवलं. महिन्याने दुसरं पत्र. पाणी बदललं, तापमान बघितलं, तसंच येतंय. मग तिसरं. प्रत्येक पत्रात माफी आधीपेक्षा लांब.

सोमवारी चौथं आलं. 'चिप बसवण्याची तुमची पद्धत पाठवाल का? बहुतेक मी तिथेच घोटाळा करतेय.' भिंगरीने काकांचं पान जसंच्या तसं टाइप करून पाठवलं, शिंकू नये सकट. मंगळवारी सकाळी उत्तर आलं, एका ओळीचं.

'चिमट्याचा हात म्हणजे उजवाच ना?'

ती ओळ तिने जिन्यात वाचली, दोन मजल्यांच्या मध्ये.  तिने आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. चिमट्याचा हात. तिचा चिमट्याचा हात हा होता. पाच वर्षं, प्रत्येक चिपवर, तिने अक्षरं डावीकडे ठेवली होती. अक्षरं डावीकडे म्हणजे चिप अर्धं वळण फिरलेली. आणि अर्धे तर जुळे! डाव्या तारेवर कुठला आणि उजव्या तारेवर कुठला, हे अक्षरांशिवाय ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. म्हणजे आंघोळीचे म्हणून मोजलेले आकडे कोरड्या अर्ध्याचे होते, आणि कोरड्याचे आंघोळीच्या.

तिने तिथूनच काकांना फोन लावला.

"काका, ते पान आहे ना भिंतीवरचं. चिमट्याचा हात म्हणजे कुठला?"

"हे काय विचारणं झालं? उजवा! चिमटा काय कुणी डाव्या हातात..." काका थांबले. "अगं बाई. तू डावखुरी आहेस, नाही का गं?"

"हो, काका."

"सह्या करताना शंभरदा बघितलंय मी तुला."

"सरळ उजवीकडे का नाही लिहिलंत?" तिचा आवाज चढला. मोठ्या माणसाशी असं बोलू नये हे कळत होतं, पण चढला.

"कुणाच्या उजवीकडे लिहू? मायक्रोस्कोपमधून सगळं उलटं दिसतं. डोळ्याचं उजवं वेगळं, चिपचं वेगळं. पोरं गोंधळायची. म्हटलं, हात लिहावा. हात तर कुणी चुकत नाही!" मग काका एकदम लहान आवाजात म्हणाले, "फार बिघडलंय का काही?"

तिला खोटं बोलवेना आणि खरंही सांगवेना. "बघून सांगते," म्हणाली आणि फोन ठेवला.

सरांच्या खोलीत ती बसली नाही. खिडकी ते कपाट, कपाट ते खिडकी, चालता चालता सगळं सांगितलं. सरांनी पेन्सिल खाली ठेवली.

"त्या त्या दिवशी चिमटा कुठल्या हातात होता, आठवतंय तुला?"

"सर, मी उजव्या हाताने जन्मात कधी काही उचललेलं नाही."

"ते नाही विचारलं. आठवतंय का? नुसत्या अंदाजावर मी निबंध थांबवणार नाही. आधीच्या दोन चिप तर काढून डबीत पडल्यात, त्या कशा बसवल्या होत्या ते आता कळायचं नाही."

"तिसरी आहे ना फ्रीजमध्ये! उघडून बघू."

"गरम व्हायला दोन दिवस. शेजारच्या गटाचं मोजमाप चालू आहे त्याच फ्रीजमध्ये, त्यांचं वाटोळं." सर खुर्ची तिच्याकडे वळवून हळू बोलले. "हे बघ. महिन्याभराने फ्रीज तसाही उघडायचाच आहे. शुक्रवारी निबंध येईल, बुधवारी समिती होईल, तू कायम होशील. मग उघडू. चूक निघाली तर दुरुस्ती छापू. माणसं चुकतात, दुरुस्त्या छापतात. तोवर आपल्याला काही माहीत नाही. आणि माहीत नाही हे खोटंही नाही."

सर काही लबाड माणूस नव्हेत. अकरा वर्षं त्यांनी तिच्यासाठी वरच्यांचं डोकं खाल्लं होतं. म्हणूनच तिला ताडकन नाही म्हणता आलं नाही. "विचार करते," म्हणाली, आणि बाहेर पडली.

विचार कसला करतेय! जिने चढली, उतरली. कॉफी घेतली, कुठल्याशा खिडकीत ठेवली, विसरली, दुसरी घेतली. आठ दिवस, फक्त आठ दिवस गप्प बसायचं होतं. गप्प बसणं म्हणजे काही करायचंच नव्हतं. तिला ते हवं होतं, हे कबूल करायला हवं. कायमची खुर्ची, दाराबाहेर नावाची पाटी, दोन वर्षांनी कुणापुढे हात पसरायला नको. हवं होतं, अगदी मनापासून. आणि हवंय म्हणून स्वतःचाच राग येत होता. दुपारपर्यंत त्या एका ओळीच्या पत्राला तिने उत्तर दिलं नव्हतं. उजवा म्हणावं तर स्वतःवरच बोट, आणि डावा म्हणावं तर त्या बाईला खड्ड्यात ढकलणं.

चारच्या सुमारास पुन्हा पत्र. 'मॅडम, घाई नाही हं. चिप बसवायचं काम माझ्याकडून काढून घेतलंय, आमच्याकडे सगळ्यांचं म्हणणं पडलं की माझा हात खराब आहे. तेव्हा हे मी नुसतं माझ्या समाधानासाठी विचारतेय. तुम्हाला त्रास दिल्याबद्दल पुन्हा माफ करा.'

भिंगरी तडक शेजारच्या गटाकडे गेली. "तुमचं मोजमाप मी बिघडवणार आहे. शिव्या नंतर द्या, आत्ता जे काही वाचवायचं ते वाचवा, दहा मिनिटं आहेत." त्यांनी शिव्या आधीच दिल्या. तिने ऐकून घेतल्या आणि फ्रीज गरम करायचं बटण दाबलं. मग सरांना जाऊन सांगितलं, विचारलं नाही. "गुरुवारी दुपारी कळेल," ती म्हणाली.

बटण दाबलं की काय होतं? काही होत नाही. तोच तर छळ आहे. पडद्यावरचा आकडा मुंगीच्या पावलांनी वर सरकतो. लवकर उघडलं तर आत दव धरतं, चिप वाया. जगातली सगळी धावपळ त्या आकड्याला एका अंशाने ढकलू शकत नाही.

बुधवारी तिने जुन्या वह्या काढल्या, आणि तिथे तिला खरा फटका बसला. सात नंबरची आंघोळ: 'टिकणं निम्म्यावर. फेकावी.' अकरा नंबर: 'अत्यंत वाईट. पुन्हा करू नये.' चिप जर उलट्या होत्या, तर हे सगळंच उलटं होतं! सात आणि अकरा चांगल्या होत्या. चांगल्यांना तिने लाथ मारून हाकललं, आणि अठरांतली सगळ्यात घातक आंघोळ निवडून, नटवून, जगापुढे मांडली. पाच वर्षं खपून, काटेकोरपणे, एकही पायरी न चुकता. तिला हसू फुटलं, वेड्यासारखं, आणि शेजारच्या गटातला एकजण भांडण विसरून पाणी घेऊन आला.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलाभोवती तिच्या सतरा फेऱ्या झाल्या. नवरा शाळेत भूगोल शिकवतो, मोजायची सवय आहे त्याला.

"बस ना जरा," तो म्हणाला.

"मला भीती वाटतेय रे."

"मलाही वाटतेय. खरं सांगू? मला वाटलं होतं, ह्या वर्षी संपलं एकदाचं. दर दोन वर्षांनी तुझा तो चेहरा बघायला नको. कालपासून मनात म्हणतोय, कशाला दाबलं तिने ते बटण!" त्याने ताट बाजूला सारलं. "चिडलोय मी. कुणावर ते कळत नाही."

ती त्याच्या शेजारी येऊन बसली. बसली म्हणजे पाय हलतच होता, पण बसली. त्याने त्या गुडघ्यावर हात ठेवला.

गुरुवारी अडीच वाजता फ्रीज उघडला. बाहेरचं पिंप उतरवलं, मग आतलं, मग त्याच्या आतलं. सर आले आणि बाजूला उभे राहिले. भिंगरीने चौकट काढून मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि झाकणाचे चार स्क्रू सोडवले. मायक्रोस्कोपवर भरवसा ठेवायचा नव्हता. तिने एक सुई घेतली, नुसत्या डोळ्यांनी बघत ती चौकटीच्या डाव्या कडेला टेकवली, मग भिंगात पाहिलं. सुई आणि अक्षरं एकाच कडेला होती. सुईचं टोक अक्षरांवर सावली पाडत होतं.

ती बाजूला झाली. सरांनी पाहिलं. सुई उचलून उजवीकडे ठेवून पाहिलं, परत डावीकडे ठेवून पाहिलं. मग स्टूल ओढून बसले आणि चष्मा काढून डोळे चोळत राहिले.

"निबंध थांबवतो," शेवटी म्हणाले. "आत्ताच कळवायला हवं, संध्याकाळी छपाईला जातो." उठता उठता म्हणाले, "बुधवारचं मात्र आता..."

"ठाऊक आहे, सर."

सर त्यांच्या टेबलापाशी जाऊन पत्र लिहायला लागले. भिंगरीने तिथूनच फोन लावला. त्या बाईशी ती आजवर कधी बोलली नव्हती. आवाज तिला वाटला होता त्याहून थोराड निघाला. भिंगरीने आपण कोण ते सांगितलं.

"मॅडम, तुम्ही! अहो, तुम्ही कशाला फोन केलात? मी परवा जुने आकडे पुन्हा तपासले, तसेच येतायत, माझ्याच हातात काहीतरी..."

"थांबा, थांबा. ऐका आधी. तुमचं बरोबर आहे. आमची चिप उलटी होती. आंघोळीने क्युबिट मरतातच. तुम्ही पहिल्या दिवसापासून बरोबर होतात."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. भिंगरीला वाटलं, फोनच पडला.

"ऐकताय ना?"

"पुन्हा म्हणाल?"

"तुम्ही बरोबर होतात. तुमच्या हातात काही खोट नाही."

"एक मिनिट हं." चपलांचा आवाज आला, एक दार उघडलं, मग दुसरं. बऱ्याच माणसांची कुजबुज ऐकू आली, आणि ती बाई कुणाला तरी म्हणाली, जरा गप्प बसा. मग फोनवर, स्पष्ट: "मॅडम, मी स्पीकरवर टाकलंय. इथे सगळे आहेत. आमचे साहेब पण. आता सांगा."

भिंगरीने सरांकडे पाहिलं. सर लिहायचे थांबले होते. तिने आपलं कागदावरचं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, प्रयोगशाळा सांगितली. "आमच्या तिन्ही चिप उलट्या बसवलेल्या होत्या," ती म्हणाली. "मीच बसवल्या होत्या. आमचा निबंध चूक आहे, तो आम्ही मागे घेतोय. तुमच्या बाईंनी केलेलं मोजमाप बरोबर आहे, आणि त्यांचा हातही."

पलीकडे खुर्च्या सरकल्या. लांबून एक पुरुषी आवाज म्हणाला, "शेवटचं नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगता का?"

भिंगरीने घसा साफ केला आणि स्वतःच्या नावापासून पुन्हा सुरुवात केली, या वेळी मोठ्याने.